संध्याकाळी सातला फोन कुणाचा?

पत्र: मॅडम, मी संगमनेर तालुक्यात अंगणवाडी सेविका आहे. मुलगी दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकली, यंदा अकरावी सायन्सला गेली. घरात दोन फोन. एक मिस्टरांबरोबर टेम्पोवर जातो, दुसरा माझा. संध्याकाळी सातला ती माझ्या फोनवर लेक्चर बघायला बसते आणि नेमके तेव्हाच मला सुपरवायझरचे, गटातल्या बायकांचे फोन येतात. पोषण ट्रॅकर या अंगणवाडीच्या ॲपवरच्या नोंदीही तेव्हाच राहिलेल्या असतात. रोज दोघींची चिडचिड होते. बचत गटातून बारा-तेरा हजार जमवलेत, त्यात टॅब घ्यावा असं ती म्हणते. दुकानदार साडेसहा हजारांचाही दाखवतो, म्हणतो सगळे सारखेच. भाऊ म्हणतो, स्वस्तातला टॅब म्हणजे पैसे पाण्यात, त्यापेक्षा जुना लॅपटॉप घे. सासूबाईंना मोठ्या पडद्यावर कीर्तन बघायचंय. मला यातलं काही कळत नाही. काय करू?

— एक आई

उत्तर:

ताई, मी वीस वर्षांहून जास्त काळ अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते आहे. ‘मॅडम, काल लेक्चर अर्धंच झालं, आईला फोन आला’ हे गेल्या पाच-सहा वर्षांत इतक्या मुलींकडून ऐकलंय, की तुमच्या घरातली सातची वेळ मला इथं बसून दिसते. म्हणून आधी सरळ सांगते. टॅब घ्या. बारा-तेरा हजारांत अभ्यासाला पुरेल असा टॅब मिळतो. साडेसहा हजारांचा मात्र घेऊ नका. आणि पैसे मोजण्याआधी एक चौकशी करा, कदाचित तुमचे बचत गटातले पैसे तसेच राहतील.

ती चौकशी अशी. राज्य सरकारची ‘महाज्योती’ म्हणून संस्था आहे, म्हणजे महात्मा ज्योतिबा फुले संशोधन व प्रशिक्षण संस्था. तिचं मुख्य कार्यालय नागपूरला. इतर मागास वर्ग, विमुक्त जाती-भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गातली जी मुलं दहावी होऊन अकरावी सायन्सला जातात, त्यांना जेईई, नीट, एमएचटी-सीईटीच्या तयारीसाठी ही संस्था ऑनलाइन शिकवणी देत आली आहे आणि त्यासोबत टॅब आणि रोजचा इंटरनेट डेटाही. तुम्ही पत्रात प्रवर्ग लिहिलेला नाही. यात बसत असाल तर संस्थेच्या संकेतस्थळावर यंदाची जाहिरात आणि तिच्या अटी बघा. दहावीची गुणपत्रिका, जातीचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर, अकरावीच्या प्रवेशाचा पुरावा ही कागदं आत्ताच एका फाइलीत लावून ठेवा. मुदत निघून गेल्यावर धावत आलेले पालक मी दरवर्षी बघते, आणि तेव्हा काहीच करता येत नाही याचं फार वाईट वाटतं.

तिथं काम झालं नाही तर पुढचं वाचा.

टॅबचा सगळ्यात मोठा फायदा तुमच्याच पत्रात आहे. तुमचा फोन तुमच्या नोकरीचा आहे. तो संध्याकाळी दोन तास मुलीकडे असतो, म्हणजे दोन तास तुमचं काम अडतं, आणि तिचंही काही धड होत नाही. लेक्चर मध्येच थांबतं, मेसेज आला की वरून पट्टी सरकते, त्या पट्टीकडे लक्ष जातंच. टॅब आला की फोन तुमचा तुम्हाला परत मिळेल. माझ्या हिशेबात निम्मे पैसे इथंच वसूल झाले.

दुसरा फायदा पानाचा. फोनचा पडदा रुंदीला साधारण सात सेंटिमीटर असतो. अकरा इंची (हे माप पडद्याच्या कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचं) टॅब उभा धरला तर पडदा जवळजवळ पंधरा सेंटिमीटर रुंद भरतो. ए-फोर कागद एकवीस सेंटिमीटर रुंद असतो. म्हणजे पाठ्यपुस्तकाचं पान टॅबवर थोडं आक्रसतं, पण पान म्हणून एका नजरेत मावतं. फोनवर ते मावत नाही, दोन बोटांनी ताणावं लागतं.

त्याने काय बिघडतं ते सांगते. माझी भाची अकरावीत असताना फोनवर नोट्स बघून वहीत उतरवायची. फेकलेल्या चेंडूचं गणित होतं. चेंडू किती लांब पडेल त्या सूत्रात साइन टू थीटा येतो आणि किती उंच जाईल त्या सूत्रात साइन स्क्वेअर थीटा येतो. आकडा दोनच, पण एकात तो थीटाच्या शेजारी आणि दुसऱ्यात साइनच्या डोक्यावर. फोनवर पान ताणलं की अक्षरं मोठी व्हायची, पण आकृती बाहेर जायची. आकृती आत आणली की तो दोन नक्की कुठं बसलाय ते कळायचं नाही. तिने दोन्ही सूत्रं सारखीच लिहिली आणि तीन आठवडे तशीच पाठ केली. चाचणीत चुकल्यावर वही उघडली तेव्हा सापडलं. मुलगी हुशार होती, मन लावून करत होती. चूक पडद्याच्या रुंदीची होती. तेव्हापासून मुलांना मी फोनवर सूत्रं उतरवू देत नाही.

तुमच्या मुलीसाठी अजून एक गोष्ट, आणि मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. ती मराठी माध्यमातून आली आहे आणि अकरावी सायन्सचं शिकवणं इंग्रजीत आहे. पहिले तीन-चार महिने या मुलांचे फार हाल होतात. येत असतं सगळं, पण समोरचा शब्द ओळखीचा नसतो, आणि मग मूल स्वतःलाच ‘ढ’ समजायला लागतं. बालभारतीच्या संकेतस्थळावर पाठ्यपुस्तकांच्या पीडीएफ फुकट मिळतात. नववीच्या विज्ञानाचं पुस्तक मराठी माध्यमाचं आणि इंग्रजी माध्यमाचं, अशी दोन्ही उतरवून घ्या. पहिलंच प्रकरण ‘गतीचे नियम’. टॅब आडवा धरा, स्प्लिट स्क्रीन करा, डावीकडे मराठी पान, उजवीकडे इंग्रजी. पुस्तक तेच, आकृत्या त्याच. ‘बल’ समोर फोर्स, ‘जडत्व’ समोर इनर्शिया, ‘संवेग’ समोर मोमेंटम. रोज दोन पानं अशी वाचली तर दिवाळीपर्यंत तिची भीती जाते, हे मी चार-पाच मुलींच्या बाबतीत स्वतः बघितलंय. मग अकरावीचं इंग्रजी पुस्तक एका बाजूला आणि शब्दकोश दुसऱ्या बाजूला. फोनवर हे होत नाही.

म्हणूनच मी तुम्हाला अकरा इंचीच घ्या म्हणते. तो पडदा आडवा धरून दुभागला तर एकेक भाग पावणेबारा सेंटिमीटरच्या आसपास येतो. पावणेनऊ इंचाच्या जवळपासचे छोटे टॅब दिसायला गोंडस असतात, वजनाला सव्वातीनशे-साडेतीनशे ग्रॅम, पिशवीत सहज बसतात. पण दोन पानं शेजारी लावली की पुन्हा फोनचीच गत होते. मोठा टॅब अर्ध्या किलोच्या घरात जातो. तो टेबलावर उभा करूनच वापरायचा असतो, म्हणून मागे टेकू असलेलं फ्लिप कव्हर लागेल. त्याचे पैसे हिशेबात धरा.

आणि लाइट. तुमच्याकडे संध्याकाळी लाइट जात असेलच. टॅबची बॅटरी सात-आठ हजार एमएएचची असते (बॅटरीत किती मावतं त्याचं हे माप), सलग व्हिडिओ चालू असला तरी अख्खी संध्याकाळ निघते.

आता तुमच्या भावाचं म्हणणं घेते, कारण ते काही उगाच बोलत नाहीत. स्वस्त टॅबमध्ये किंमत कुठून तरी कापलेली असते. कुठून कापली ते दुकानात दिसत नाही, सहा महिन्यांनी दिसतं.

पहिली काप साठवणुकीत. ३२ जीबी लिहिलेला टॅब घरी आणला की त्यातली बरीच जागा सिस्टिमनेच घेतलेली असते. उरलेल्यात चार ॲप आणि दहा लेक्चरं भरली की तो रडायला लागतो. मेमरी कार्डावर व्हिडिओ आणि पीडीएफ ठेवता येतात, ॲप मात्र बहुतेक वेळा टॅबमध्येच राहतात. ६४ च्या खाली जाऊच नका, १२८ मिळाला तर उत्तम. स्वस्त टॅबमध्ये साठवणुकीची चिपही बहुधा ईएमएमसी जातीची असते. ती महागड्या फोनमधल्या यूएफएसपेक्षा बरीच संथ. टॅब रिकामा असताना ते जाणवत नाही, भरत आला की प्रत्येक गोष्टीला थांबायला लावतो. मुलीला सांगा, पाचवा हिस्सा कायम मोकळा ठेवायचा.

दुसरी काप रॅममध्ये, म्हणजे चालू असलेली कामं टॅब ज्या तात्पुरत्या जागेत ठेवतो तिथं. चार जीबी ही खालची हद्द, सहा असेल तर बरं, कारण आपल्याला दोन पानं एकदम उघडायची आहेत. दुकानदार सांगेल, ‘चार आहे पण आठपर्यंत वाढते’. ती वाढीव रॅम म्हणजे साठवणुकीतलाच एक कोपरा रॅमसारखा वापरायचा. आधीच संथ असलेल्या चिपवर तो भार टाकायचा, त्याचे जास्तीचे पैसे देऊ नका.

तिसरी काप पडद्यात. दोन टॅब शेजारी ठेवले आणि दोन्हीवर सिनेमा लावला तर फरक कळत नाही. फरक मजकुरात कळतो. दहा इंचाच्या पडद्यावर १२८० बाय ८०० ठिपके असतील तर इंचाला दीडशेच्या आसपास ठिपके येतात. अकरा इंचावर १९२० बाय १२०० असतील तर दोनशेच्या वर. पहिल्यात देवनागरीतला अनुस्वार, रफार, जोडाक्षराचा पोटातला दांडा पुसट होतो, आणि केमिस्ट्रीत अक्षराच्या पायाशी लिहिलेला बारीक आकडाही.

चौथी अपडेटची. स्वस्त टॅबना नवी अँड्रॉइड आवृत्ती एकदा-दोनदा मिळते, सुरक्षेची अपडेट त्याहून थोडी जास्त काळ. त्यानंतर टॅब बंद पडत नाही, पण हळूहळू काही ॲप नवं होणं थांबवतात. कॅमेरा साधारण असतो, वहीचं पान नीट टिपायला उजेड लागतो. सोबत चार्जर आला तर तो बहुधा दहा-पंधरा वॉटचा. मी फिजिक्सची, म्हणून हिशेबच सांगते. सात हजार एमएएचची बॅटरी म्हणजे साधारण सत्तावीस वॉट-अवर. दहा वॉटने ती भरायला कागदावर पावणेतीन तास, प्रत्यक्षात साडेतीनच्या पुढे. झोपताना लावून ठेवायची सवय करावी लागेल.

एवढं सगळं असूनही घ्या का म्हणते? तिला तो किती वर्षं हवाय ते बघा. अकरावी आणि बारावी. बारावीनंतर ती इंजिनीअरिंगला गेली, बी.एस्सी.ला गेली, काहीही केलं तरी टाइप करायला, प्रोजेक्ट लिहायला लॅपटॉप लागणारच. तेव्हा कर्ज असेल, शिष्यवृत्ती असेल, त्यातून बघता येईल. आज जी गरज आहे ती वाचण्याची आणि बघण्याची, आणि ती दोन वर्षांची आहे. नीट वापरला तर बरा टॅब तीन वर्षं सहज जातो. वीस वर्षं टिकणाऱ्या कपाटासारखा त्याचा विचार केला तर तो महाग पडतो. दोन वर्षांच्या क्लासच्या फीसारखा केला तर महिन्याला पाच-साडेपाचशे रुपये पडतात.

जुन्या लॅपटॉपचं असं आहे. बारा हजारांत जो मिळेल त्याची बॅटरी बहुतेक मेलेली असते, लाइट गेली की तो गेला. नवी बॅटरी, कधी चार्जर, कधी हार्ड डिस्क, असा खर्च निघत राहतो, आणि गावात तो दुरुस्त करणारा विश्वासाचा माणूस नसेल तर प्रत्येक वेळी संगमनेरला खेप. भाऊ स्वतः त्यातले जाणकार असतील आणि ओळखीतल्या कुणाचा चांगला मशीन मिळणार असेल, तर त्यांचा सल्ला माझ्याइतकाच खरा धरा. एका मुद्द्यावर ते नक्की बरोबर आहेत. जेईई मेन आणि एमएचटी-सीईटी या परीक्षा संगणकावर होतात, माउसने उत्तर निवडायचं असतं. ती सवय बोटाने टॅबवर होत नाही. पण टॅबला ओटीजीने, म्हणजे चार्जिंगच्या खाचेत बसणाऱ्या छोट्या जोडणीने, साधा माउस जोडता येतो, आणि शेवटच्या दोन-तीन महिन्यांत कॉलेजच्या लॅबमध्ये किंवा नेट कॅफेत सराव परीक्षा देता येतात. डॉक्टरकीकडे जायचं असेल तर नीट आजवर कागदावरच होत आली आहे.

आता तो साडेसहा हजारांचा टॅब. ताई, इथं मला जरा कळकळीने सांगायचंय, कारण ही चूक मी स्वतः केली आहे. २०२१ मध्ये शाळा बंद होत्या तेव्हा भावाच्या मुलांसाठी मी असेच दोन टॅब घेतले. कंपनीचं नाव आधी कधी ऐकलेलं नव्हतं. खोक्यावर भलेमोठे आकडे, सोबत हेडफोन फुकट, कव्हर फुकट. दोन महिन्यांत एकाची चार्जिंग पिन सैल झाली, वायर एका विशिष्ट कोनात धरली तरच चार्ज व्हायचा, मुलं वायरखाली पेन्सिल सरकवून बसायची. दुसरा टेबलावर ठेवला की डुगडुगायला लागला. मला वाटलं टेबल उंचसखल आहे. उलटा करून बघितला तर मागचं झाकण मधोमध फुगलेलं. बॅटरी फुगली होती. सात वर्षांचा मुलगा तो टॅब उशीवर ठेवून बघायचा, या विचाराने आजही पोटात गोळा येतो. खोक्यावरचा सर्व्हिस सेंटरचा नंबर लागला नाही, दुकानदाराने हात वर केले. पैसे गेले त्याचं एवढं नाही.

म्हणून टॅब कोणताही घ्या, खोक्यावर किंवा मागच्या बाजूला भारतीय मानक ब्युरोची खूण आणि तिच्यासोबत आर अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का ते बघा. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या टॅबना ही नोंदणी सक्तीची आहे. तो क्रमांक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपवर टाकून तपासता येतो. तुमच्या फोनवर दोन मिनिटांचं काम आहे.

कमी किमतीचा मोह सरकारलाही झाला होता. ५ ऑक्टोबर २०११ ला दिल्लीत ‘आकाश’ टॅबचं उद्घाटन झालं तेव्हा मी स्टाफरूममध्ये सगळ्यांना पेपर वाचून दाखवला होता. प्रत्येक विद्यार्थ्याच्या हातात टॅब, सरकारला पडणारी किंमत सुमारे २,२५० रुपये! मला खरंच भरून आलं होतं. पण त्या किमतीत ३६६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, २५६ एमबी रॅम आणि बोटाने दाबल्याशिवाय न कळणारा पडदा एवढंच बसलं. मुलांच्या हातात ते टिकलं नाही. हेतू मनापासून चांगला होता, म्हणून अजून हळहळ वाटते.

आता तुम्हाला कुणी सांगणार नाही अशी एक अडचण. टॅब दोन प्रकारचे, सिमकार्डचा आणि फक्त वायफायचा. दोघांत दोन-तीन हजारांचा फरक. तुमच्या घरी वायफाय नाही असं गृहीत धरते. फक्त वायफायचा घेतला तर नेट तुमच्या फोनच्या हॉटस्पॉटवरून घ्यावं लागेल. म्हणजे फोन घरात हवा. तुम्ही गृहभेटीला गेलात की नेट तुमच्याबरोबर गेलं. पण तुमच्या मुख्य अडचणीवर याने काही परिणाम होत नाही. फोर-जीवर बोलणं चालू असतानाही हॉटस्पॉट बहुधा चालू राहतो, तेव्हा सुपरवायझरशी बोलत असाल तरी लेक्चर थांबणार नाही. फोनची बॅटरी मात्र भराभर उतरेल आणि तो तापेल, म्हणून व्हिडिओ उतरवून ठेवायची सवय लावा. ४८० च्या दर्जाचा व्हिडिओ तासाला ढोबळ अर्धा जीबी खातो. रोजच्या दीड-दोन जीबीतला जो काही उरतो तो रात्री बारा वाजता वाया जातो. साडेदहा-अकराला उद्याची दोन लेक्चरं उतरवायची आणि झोपायचं, संध्याकाळी नेट नसलं तरी चालतं. ही शिस्त तुमच्या घरात जमणार असेल तर वायफायचा घ्या आणि वाचलेले पैसे साठवणुकीत आणि पडद्यात घाला. मी तेच केलं असतं.

वायफायच्या टॅबवर यूपीआय चालणार नाही, कारण त्याला त्याच यंत्रातल्या सिमवरून मेसेज जावा लागतो. हे मला तोट्यापेक्षा फायद्याचंच वाटतं, तुमचा पगार ज्या खात्यात येतो ते मुलीच्या टॅबवर नसलेलं बरं. व्हॉट्सॲप टॅबवर जोडता येतं, पण तुमचं जोडू नका. जोडलंत की गटातले सगळे मेसेज तिच्या पडद्यावर, आणि आपण जिथून निघालो तिथंच परत.

दुकानात मुलीला सोबत न्या. आधी तुमच्या फोनवर बालभारतीची एक पीडीएफ उतरवून ठेवा. तिथं तो टॅब चालू करायला सांगून त्यावर ती पाठवा. पान उघडायचं, काहीही न ताणता ‘स्रोत’, ‘ऊर्ध्वपातन’, ‘विद्युतचुंबकीय’ असे शब्द एका हाताच्या अंतरावरून तिला वाचायला लावायचे. मग दुभागलेला पडदा करून दोन्ही पानं वरखाली सरकवायची, अडखळतोय का बघायचं. टॅब थोडा तिरका करून बघायचा, रंग फिके पडतात का. दुकानदार घाई करेल, करू द्या. तुमचे बारा हजार आहेत. त्यालाच विचारा की याचा डिस्प्ले फुटला तर किती लागतील आणि सर्व्हिस सेंटर संगमनेरला आहे की नाशिक-अहिल्यानगर गाठावं लागेल. डिस्प्लेचा खर्च ऐकून तुम्ही टेम्पर्ड ग्लास त्याच दिवशी लावून घ्याल.

अंदाज यावा म्हणून सांगते. रेडमी पॅड एसई हा अकरा इंची टॅब एप्रिल २०२४ मध्ये चार जीबी रॅम आणि १२८ जीबी साठवणुकीसह १२,९९९ रुपयांना बाजारात आला होता. सॅमसंगचा गॅलॅक्सी टॅब ए-नाइन प्लस किमतीने त्याच्या वरचा, तोही अकरा इंची, १९२० बाय १२०० ठिपक्यांचा. तुम्ही जाल तेव्हा हेच असतील असं नाही, भावही हलत असतात. पण याच मापाचं काही त्या किमतीच्या आसपास मिळालं तर सौदा योग्य आहे. दसरा-दिवाळीच्या सेलपर्यंत थांबलात तर हजार-दोन हजार सुटतील, पण मराठीतून इंग्रजीत जाण्याचे तिचे पहिले महिने त्यात निघून जातील. मी थांबले नसते.

सासूबाईंना नाही म्हणू नका. मुलगी दुपारी कॉलेजात असते तेव्हा टॅब घरीच असतो, त्या वेळी त्यांनी खुशाल कीर्तन बघावं. काही टॅबमध्ये दोन वेगळे वापरकर्ते करता येतात, ती सोय असेल तर त्यांचं खातं वेगळं करून द्या. नाहीतर मुलीला लेक्चरखाली कीर्तनं सुचवली जातील आणि आजींना ऑरगॅनिक केमिस्ट्री. पाचला टॅब चार्जिंगला लागलाच पाहिजे, एवढं त्यांच्याकडून कबूल करून घ्या.

मुलीच्या बाबतीत माझा एकच आग्रह आहे. लेक्चर संपलं की कव्हर बंद, वही उघडी. बोर्डाचा पेपर पेनाने लिहायचा असतो. टॅबवर बघून ‘समजलं’ वाटतं, ते गणित वहीत शेवटच्या ओळीपर्यंत सुटलं तरच खरं. टॅबचं पेन वगैरे घेऊ नका, त्या पैशांत दोन डझन वह्या येतात. गूगलचं फॅमिली लिंक लावून रात्री अकरानंतर टॅब बंद होईल असं करता येतं, पण ते तिच्याशी बोलून, तिच्यासमोर लावा. सोळा वर्षांच्या मुलीला मागून लावलेलं कुलूप लगेच कळतं. डोळ्यांसाठी दर वीस मिनिटांनी वीस सेकंद खिडकीतून लांबचं काहीतरी बघायचं, आणि अंधारात पांघरुणात टॅब न्यायचा नाही.

टॅब घेतलात तर बिल पक्कं घ्या, त्यावर सिरियल नंबर लिहून घ्या, आणि त्याचा फोटो तुमच्या फोनमध्ये ठेवा. वॉरंटीत दुकानदार किंवा कंपनी दाद देईना तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे, मराठीतूनही बोलता येतं. बिलावर नाव मुलीचं घाला. आणि सहामाहीनंतर मला परत लिहा, ‘गतीचे नियम’ कुठपर्यंत आले ते.